बोंबलाच्या डब्याचा वास

“सुके बोंबील ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या डब्याचा वास काही केल्या जात नाही, काय करू?” असं एका भगिनींनी विचारलंय. उपाय सांगते, पण आधी वासाचीच एक गोष्ट ऐका. प्लॅस्टिकला लागलेला वास समुद्रावरच्या पाखरांना फार महागात पडतोय.

पॅसिफिक महासागरात, हवाई बेटांच्या पार वायव्येला मिडवे नावाची चिमुकली बेटं आहेत. दरवर्षी लाखो अल्बाट्रॉस पक्षी तिथं विणीसाठी उतरतात. पंख पसरले तर सहा-साडेसहा फूट भरतील, पण अंडं वर्षाला जेमतेम एक. ते नर-मादी पाळीपाळीनं दोन महिने उबवतात. पिल्लू बाहेर आलं की दोघंही शेकडो मैल उडत जातात, माकुळ आणि उडणाऱ्या माशांची अंडी पोटात भरून आणतात आणि पिल्लाच्या चोचीत ओततात.

घोटाळा होतो तो इथंच. हे मासे अंडी चिकटवतात तरंगत्या वस्तूंना. पूर्वी पाण्यावर लाकूडफाटा तरंगायचा. आता बाटलीची बुचं, दात घासायचे ब्रश, सिगारेटचे लायटर! अंड्यांबरोबर तेही पोटात जातं आणि घरी आल्यावर पिल्लाच्या घशात.

याच कुळातले काही छोटे पक्षी तर वासावरच भक्ष्य शोधतात. बारीक झिंगे शेवाळ खाऊ लागले, की पाण्यावर एक गंधकी वास सुटतो. पाखरांना तो म्हणजे पानं मांडल्याची वर्दीच. २०१६ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी प्लॅस्टिकचे मणी सुमारे तीन आठवडे समुद्रात ठेवून पाहिले. त्यांनाही तोच वास! प्लॅस्टिकवर शेवाळ चढतं, दुसरं काय? मग पाखराला खुळं कसं म्हणायचं? आपणही वासावरूनच मासळी ताजी की शिळी ते ठरवतो ना!

पिल्लाचं पोट भरतं, पण अंगी काही लागत नाही. उडायच्या आधी ते माकुळाच्या न पचलेल्या टणक चोची ओकून टाकतं, त्यात थोडं प्लॅस्टिकही पडतं. अडकलेलं मात्र राहतं. ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाव बेटावरच्या पाखरांच्या पोटात तर अशा तुकड्यांनी व्रण पडलेले सापडले. २०२३ साली त्या दुखण्याला ‘प्लॅस्टिकोसिस’ असं नावच देऊन टाकलं.

मिडवेवरच्या एका मादीच्या पायात १९५६ साली खुणेचं कडं घातलं होतं. विस्डम तिचं नाव. सत्तरी ओलांडलेल्या या बाईनं २०२४च्या अखेरीस पुन्हा अंडं घातलं! तिची पहिली पिल्लं झाली तेव्हा समुद्रात प्लॅस्टिक नावालाच असेल. आताच्या पिल्लाला ती काय भरवत असेल, या विचारानं मला बाई अन्न गोड लागेना.

असो. आता डब्याचं. खायच्या सोड्यात थोडं पाणी घालून लेप करा, आतून चोळून रात्रभर ठेवा. सकाळी धुऊन दिवसभर उन्हात उघडा पालथा घाला. तरी वास राहिलाच तर डबा फेकू नका, खिळे-मोळे, सुतळी ठेवायला घ्या. आणि बोंबील यापुढे काचेच्या बरणीत भरा, फक्त झाकण घट्ट हवं, नाहीतर शेजारच्या साखरेलाही वास लागतो.