चुकू शकणारी गोष्ट

श्रावणात दामोदराचा सप्ताह आला म्हणजे वास्कोतील घरे पाहुण्यांनी भरून जातात. आमचे घरही त्याला अपवाद नाही. यंदा पेडण्याहून आमच्या मावशी आल्या होत्या आणि त्यांच्यासोबत त्यांचा सातवीत शिकणारा नातू. दुपारी भजनाचे सूर कानांवर येत असता या आजी-नातवांत एक वाद जुंपला. नातवाच्या हाती अंतराळातील युद्धांचे जाडजूड इंग्रजी पुस्तक होते. मावशी म्हणाल्या, "असल्या खोट्या गोष्टी वाचून डोके फिरते." त्यावर चिरंजीवांनी विचारले, "मग आजी, तू जत्रेत रात्रभर जागून दशावतार बघतेस, त्यातला संकासुर खरा असतो का गं?"

मावशी क्षणभर निरुत्तर झाल्या आणि त्यांनी निवाडा आमच्याकडे सोपवला. "तुला शास्त्राची आवड. तूच सांग आता."

आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. केवळ हौशी वाचक. तरीही आमचे मत वाचकांपुढे ठेवतो. संकासुर वेद पळवतो आणि विष्णू त्याचा वध करतो, या कथेला कोणी पुरावा मागत नाही आणि मागूही नये. तिचा आनंद वेगळा, तिची शिकवणही वेगळी. ती कथा चूक ठरूच शकत नाही. विज्ञानकथेचे तसे नाही. ती एखादी अघटित गोष्ट गृहीत धरते. पण पुढचा सारा प्रवास तिला निसर्गनियमांच्या वाटेनेच करावा लागतो. वाट चुकली तर वाचक तिला पकडू शकतो. चुकू शकणे हेच, आमच्या मते, विज्ञानकथेचे खरे भूषण होय.

याचे ठळक उदाहरण फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांचे. 1865 साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत त्यांनी तिघा माणसांना एका पोकळ गोळ्यात बसवून चंद्राकडे धाडले. उड्डाणाची जागा अमेरिकेतील फ्लोरिडा. पुढे 1969 साली अपोलो 11 यान तिघा अंतराळवीरांना घेऊन फ्लोरिडातूनच निघाले. व्हर्न यांचे प्रवासी शेवटी प्रशांत महासागरात पडतात. अपोलोचे अंतराळवीरही तेथेच उतरले. इतके जुळले, पण एक गोष्ट साफ चुकली. व्हर्न यांनी यान उडवले ते 900 फूट लांबीच्या तोफेतून. पृथ्वीच्या ओढीतून सुटण्यास सेकंदाला सुमारे 11 किलोमीटर वेग लागतो. तो एवढ्याशा नळीत गाठायचा तर आतील माणसाला आपले वजन 20,000 पटींहून अधिक झाल्यासारखे वाटेल. म्हणजे तोफ उडताक्षणीच प्रवाशांचा चेंदामेंदा!

परंतु ही चूक फुकट गेली नाही. रशियातील शाळामास्तर त्सिओल्कोव्हस्की व्हर्न यांच्या कथांनीच भारावले होते. एकदम धक्का न देता वेग हळूहळू वाढवणारे साधन म्हणजे अग्निबाण, हे गणिताने मांडणारा त्यांचा निबंध 1903 साली प्रसिद्ध झाला. गोष्टीने प्रश्न पेरला आणि गणिताने त्याचे उत्तर शोधले.

आता आपल्या घरचे पाहू. व्हर्न यांची ही चंद्रयात्रा 1900 च्या सुमारास मराठीत आली ती 'केरळ कोकिळ' या मासिकातून. ते चालवणारे कृष्णाजी नारायण आठल्ये कोचीनला राहत. मराठी विज्ञानकथेचे पहिले पाऊल असे महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या माणसाच्या हातून पडले, ही आपल्यासारख्यांना अभिमानाची गोष्ट नव्हे काय? पुढे ज्यांनी या वाटेचा राजमार्ग केला ते जयंत नारळीकरही वाढले बनारसला आणि शिकले केंब्रिजला. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही पहिली कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने. आपल्या नावाचे दडपण परीक्षकांवर पडू नये म्हणून आद्याक्षरे उलटी करून त्यांनी हे नाव घेतले होते. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. 2025 च्या मे महिन्यात नारळीकर गेले. इंग्रजीत लिहून जगभर नावाजलेल्या या माणसाने गोष्टी सांगायला मराठी निवडली, हे त्यांचे आपल्यावर मोठे ऋण आहे.

हे सारे ऐकून नातू म्हणाला, "पण हे सगळं लांबचं. गोव्यात काय आहे?"

आम्ही त्याला गच्चीवर नेले आणि सड्याच्या दिशेने बोट दाखवले. 6 डिसेंबर 1981 रोजी भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम गोव्याहूनच निघाली. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली 21 जण 'पोलर सर्कल' या भाड्याने घेतलेल्या नॉर्वेच्या जहाजातून गेले आणि 9 जानेवारी 1982 रोजी त्यांनी त्या हिमभूमीवर पाय ठेवला. आज वास्कोच्या हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र उभे आहे. बाहेर आपण घामाने निथळत असतो आणि तेथे उणे 20 अंश तापमानाच्या खोलीत दक्षिण ध्रुवाकडील बर्फाचे दंडगोल जपलेले असतात. बर्फात कोंडलेले हवेचे बुडबुडे म्हणजे जणू त्या त्या काळाची बखर. अंटार्क्टिकातील अशाच बर्फावरून 8 लाख वर्षांमागची हवा कशी होती, हे शास्त्रज्ञांनी वाचले आहे. शिवाय पांढऱ्या बर्फावर काळा उल्कापाषाण चटकन दिसतो. 1984 साली अंटार्क्टिकात असाच एक दगड मिळाला. तो मंगळावरून आलेला निघाला. 1996 साली काही शास्त्रज्ञांनी त्यात प्राचीन सूक्ष्म जीवांच्या खुणा दिसतात, असे जाहीर केले. बहुतेकांना ते पटले नाही. तपासणी मात्र आजवर चालूच राहिली.

पोर अवाक् झाले. शाळेला जाता-येता तो सडा दिसतो अशी कितीतरी मुले आपल्या गावात आहेत. पण हे त्यांना घरी, आपल्या भाषेत, कोण सांगतो?

येथे एक कबुली दिली पाहिजे. पंचवीस वर्षांपूर्वी आमचा मुलगा याच वयाचा असताना परीक्षेच्या तोंडावर आम्ही त्याच्या हातून विज्ञानकथांचे मराठी पुस्तक काढून घेतले आणि कपाटात कुलूपबंद केले. परीक्षा उत्तम पार पडली. कुलूपही निघाले. पण त्याने ते पुस्तक पुन्हा मागितले नाही, आणि पुढे मराठी पुस्तक म्हणून हाती धरले नाही. आज तो परगावी यंत्रांच्या जगात सुखी आहे. आम्हांला पत्र लिहायचे तर इंग्रजीत लिहितो. दोष त्याचा नाही. कुलूप आम्ही लावले होते. वाचकांपैकी कोणी आज असे कुलूप हाती घेऊन उभे असेल, तर त्यांनी क्षणभर थांबावे, एवढीच विनंती.

तेच पुस्तक आम्ही त्या दिवशी कपाटातून काढून नातवाला दिले. चार पाने वाचून त्याने विचारले, "कृष्णविवर म्हणजे ब्लॅक होल ना?" आम्ही हो म्हटले. "मराठी शब्द जास्त भीतीदायक आहे," असे म्हणून स्वारी पुन्हा पुस्तकात शिरली.

रात्री सप्ताहाहून परतल्यावर मावशी आमच्याजवळ येऊन बसल्या. वाद त्या विसरल्या असाव्यात असे आम्हांला वाटले होते. पण जरा वेळाने त्यांनी हळूच विचारले, "त्या मंगळाच्या दगडात जीव खरंच होता का रे?"

आम्ही म्हटले, "मावशी, ते अजून सिद्ध झालेलं नाही."

"मग नातवाला नीट वाचू दे," त्या म्हणाल्या, आणि दिवा मालवायला उठल्या त्या तशाच परत बसल्या.