मदरशातला पाण्याचा धडा आणि गावची विहीर

गुरुकुंज मोझरी : उन्हाळा लागला की आपल्या भागात पाणीटंचाईच्या बैठका सुरू होतात. बैठकीला सरपंच असतात, ग्रामपंचायत अधिकारी (म्हणजे आपले जुने ग्रामसेवक) असतात, बोअरवाले कास्तकार असतात. मशिदीचे इमामसाहेब किंवा मदरशाचे मौलानासाहेब मात्र क्वचितच दिसतात. आपण बोलावत नाही, तेही येत नाहीत. पाणी हा सरकारी विषय आणि धर्म हा वेगळा विषय, अशी दोन्हीकडची समजूत. ही समजूत एकदा तपासून पाहिली पाहिजे. कारण पाण्याचे नियम इतक्या लहान वयात आणि इतक्या बारकाईने शिकवणारी दुसरी जागा गावात सहसा नसते.

पुष्कळांना हे माहीत नसते. हनफी परंपरेच्या मदरशात धर्मशास्त्राचे, म्हणजे फिकहचे पुस्तक उघडले की पहिले प्रकरण 'तहारत'चे, शुद्धतेचे. त्यात पाण्याचे प्रकार येतात. पावसाचे, नदीचे, विहिरीचे, साचलेले. कोणते चालते, कोणते चालत नाही. विहिरीत उंदीर पडून मेला तर किती बादल्या उपसायच्या, याचाही हिशेब असतो आणि पोरं तो पाठ करतात.

त्याच शास्त्रात पुढे विहिरीच्या 'हरीम'चा नियम आहे. हरीम म्हणजे राखीव घेर. जनावरांना पाणी पाजायच्या विहिरीभोवती चाळीस हातांपर्यंत दुसऱ्याने विहीर खोदू नये, कारण पहिलीचे पाणी तुटते. आता आपला कायदा पाहा. महाराष्ट्राने १९९३ मध्ये भूजलाचा कायदा केला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेऊ नये, असे त्यात होते. पुढे २००९ चा अधिक व्यापक कायदा आला. चाळीस हात आणि ५०० मीटर यांत अंतर मोठे आहे, पण तेव्हा मोट होती, आता पाणबुडी मोटर आहे. तत्त्व एकच : जमीन तुझी असली तरी खालचे पाणी एकट्याचे नाही.

मग अडते कुठे? अडते ते पुस्तक आणि वावर यांच्यामध्ये. मदरशातला मुलगा हरीम शिकतो, पण आपल्या गावाची पाण्याची पातळी किती फुटांवर गेली हे त्याला कोणी दाखवत नाही. उलट जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेतला मुलगा बालभारतीच्या उर्दू पुस्तकातून परिसर अभ्यास शिकतो, पण त्याचा दीनी तालीमशी काही संबंध आहे हे त्याला कळत नाही. राज्य शासनाने २०१३ मध्ये डॉ. झाकीर हुसैन मदरसा आधुनिकीकरण योजना आणली. त्यातून विज्ञान, गणित, मराठी हे विषय मदरशात शिकवण्याची सोय झाली. चांगलेच झाले. पण माझ्या मते नुसता नवा विषय बाजूला आणून ठेवल्याने काम होत नाही. तहारतचा धडा सुरू असतानाच पोरांना विहिरीवर नेऊन, दोराला दगड बांधून पाणी मोजायला लावले, तर दोन्ही शिक्षणे एका जागी येतील.

अशी गाठ जगात काही ठिकाणी घातली गेली आहे. आफ्रिकेत टांझानियाच्या पेम्बा बेटाजवळ मिसाली नावाचे छोटे बेट आहे. तिथले मुस्लिम कोळी सुरुंग लावून मासे मारत. सरकारी बंदीचा फारसा उपयोग होईना. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथे मौलवींना आणि कोळ्यांना बसवून कुराणाच्या आधारे निसर्गरक्षणाची शिबिरे झाली आणि फरक पडला. २०१५ मध्ये इस्तंबूलला मुस्लिम विद्वानांनी हवामान बदलावर जाहीरनामा काढला. २०२४ मध्ये 'अल-मिझान' हा सविस्तर दस्तऐवज आला. मिझान म्हणजे तराजू, निसर्गातला तोल. पण इस्तंबूलचा कागद शिरखेडच्या किंवा नेरपिंगळाईच्या वावरात आपोआप पोचत नाही. त्याला गावातला माणूसच लागतो.

आणि तो माणूस म्हणजे इमाम. कृषी खात्याच्या शेतकरी मेळाव्याला आठ माणसे जमली तरी आम्ही फोटो काढतो. इमामसाहेबांसमोर दर शुक्रवारी गावातली जवळजवळ सगळी मुस्लिम कर्ती माणसे बसलेली असतात. यापेक्षा मोठे विस्तार कार्य कोणते?

वजूचेच घ्या. प्रेषित एका 'मुद' पाण्यात वजू करत, असे हदीसमध्ये येते. मुद म्हणजे दोन्ही हातांची भरलेली ओंजळ, फार तर लिटरभर. वाहत्या नदीकाठी बसूनही पाणी वाया घालवू नये, असाही दाखला देतात. आता नळ सुरू ठेवून वजू केली तर पाच लिटर सहज जातात. खोटं वाटत असेल तर खाली बादली ठेवून मोजावे. समजा चाळीस माणसे दिवसातून तीनदा मशिदीत वजू करतात. झाले सहाशे लिटर. लोट्याने केली तर एकशेवीसवर भागते. शिवाय या पाण्यात साबण नसतो. ते नालीत न सोडता चर काढून कब्रस्तानातल्या कडुनिंबाला, जांभळाला दिले तर झाड दोन उन्हाळे निघून जाते. ज्याने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले त्याला दानाचे पुण्य, असे हदीसमध्ये सांगितलेच आहे.

यावरून कोणी वजूकडे बोट दाखवू नये, बरं का. गावाचे पाणी वजूने संपत नाही, ते बोअरने संपते. वरूड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात उपसा किती झाला हे साऱ्यांना ठाऊक आहे, आणि त्या बोअरवर सगळ्या जातीधर्माचे कास्तकार आहेत. २०१६ च्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत वरूड तालुका घेतला गेला तो याच अडचणीमुळे. म्हणून वजूच्या हिशेबापेक्षा मला हरीमचा नियम जास्त मोलाचा वाटतो. नवा बोअर पाडण्याआधी शेजाऱ्याच्या विहिरीचा विचार करा, हे कायद्याच्या नोटिशीने जेवढे पटत नाही तेवढे ते जुम्याच्या बयानात पटेल.

आपल्या मातीला ही रीत नवी नाही. गुरुकुंज आश्रम १९३५ मध्ये उभा राहिला तेव्हापासून इथे प्रार्थना आणि ग्रामसफाई यांची फारकत झालेली नाही. गाडगेबाबांचा खराटाही याच जिल्ह्यातला. मुस्लिम परंपरेतही जवळची उदाहरणे आहेत. सातपुड्यापलीकडे बुऱ्हाणपूरला १६१५ मध्ये बांधलेला कुंडी भंडारा आहे. डोंगरात मुरलेले पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, एकापाठोपाठ एक शंभराच्या वर कुंड्या जोडत शहरात आणले. औरंगाबादची (आताचे छत्रपती संभाजीनगर) पाणचक्की तर दर्ग्याच्याच आवारात आहे. लांबून खापराच्या नळांनी आलेल्या पाण्यावर जाते फिरे आणि त्या पिठावर फकीर, यात्रेकरू, विद्यार्थी जेवत. तिथे शिकणाऱ्या मुलाला पाणी कुठून येते हे वेगळे सांगावे लागत नसेल.

आता गावकारभाऱ्यांसाठी एक काम. दर्यापूर, मूर्तिजापूर, बाळापूरकडे खारपाणपट्टा आहे. जमिनीतले पाणी खारे, पिण्याच्या कामाचे नाही. तिथे गोड पाणी आभाळातूनच घ्यावे लागते. मशिदीचे किंवा मदरशाचे छत शंभर चौरस मीटर धरा, पाऊस ७०० मिलिमीटर धरा आणि वीस टक्के वाया गेले असे माना. तरी ५६ हजार लिटर पाणी मिळते. समाजमंदिराचे, शाळेचे छतही तेवढेच देते. पहिल्या दोन पावसांचे पाणी बाहेर सोडावे, पन्हाळीला जाळी लावावी, टाकी झाकून ठेवावी. टाकी केवढी बांधायची हे ठरवायला ग्रामसभेत मुतवल्लींना आणि मौलानासाहेबांना नाव घेऊन बोलावा, आणि ठराव मराठीसोबत उर्दूतही लिहून मशिदीच्या फळ्यावर लावा. उर्दू शाळेतले गुरुजी तेवढे काम अर्ध्या तासात करून देतात.