भिक्खुणीने शिकवलेली विद्या

ब्रूस लीचे पोस्टर कधी लागले नाही अशी वस्ती आपल्याकडे शोधावी लागेल. ती आरोळी, नानचाकू फिरवण्याची ती ढब, पोरे अजून नक्कल करतात. पण ब्रूस ली हाँगकाँगमध्ये इप मॅन या गुरूकडे जी विद्या शिकला, त्या 'विंग चुन'चे नाव एका बाईचे आहे, हे त्या पोरांना कोणी सांगत नाही. पोरींना तर नाहीच.

परंपरा सांगते की न्ग मुई नावाच्या बौद्ध भिक्खुणीने ही विद्या बसवली. टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर, विकणाऱ्याची मुलगी यीम विंग-चुन. गावचा गुंड जबरीने लग्न करायला तिच्यामागे लागला. भिक्खुणीने तिला तयार केले आणि तिने त्याला सर्वांदेखत लोळवले. ही लोककथा आहे. तिला इतिहासाचा पुरावा नाही, आणि ऐकीव गोष्ट तपासल्याशिवाय मानू नये हे तथागतांनीच आपल्याला शिकवले आहे. परंतु विद्या मात्र खरी. तिच्यात जोराला जोराने भिडत नाहीत. समोरच्याचा ठोसा बाजूला वळवायचा, जवळ शिरायचे आणि त्याच्या शरीराच्या मध्यरेषेवर आखूड, सरळ ठोसे मारायचे. अंगाने लहान असलेल्या माणसाच्या सोयीचीच ही रीत आहे.

१९९४ साली या कथेवर 'विंग चुन' नावाचाच चित्रपट हाँगकाँगमध्ये निघाला. दिग्दर्शक युएन वू-पिंग, नायिका मिशेल योह, आणि तिची गुरू झाली चेंग पेई-पेई. ही गुरू-शिष्येची जोडी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. २०२४ मध्ये वारलेल्या चेंग पेई-पेईने १९६६ साली किंग हू यांच्या 'कम ड्रिंक विथ मी'मध्ये, दरोडेखोरांनी पळवलेल्या भावाला सोडवायला निघालेली तरुणी रंगवली होती. खानावळीत ती एकटी बसली आहे, भोवती गुंड जमताहेत, आणि ही जागची हलत नाही! तो प्रसंग एकदा पाहिला की विसरत नाही. बाईंचे मूळ शिक्षण बॅले नृत्याचे होते. मिशेल योहचेही तेच. मलेशियातील इपोह गावची ही मुलगी लंडनला बॅले शिकायला गेली, पाठीला दुखापत झाली आणि नाच सुटला. मग १९८५ च्या 'येस मॅडम'साठी ती तालमीत उतरली. १९९२ च्या 'पोलीस स्टोरी ३'मध्ये तिने मोटारसायकलवरून धावत्या आगगाडीवर उडी घेतली, तीही डमी न वापरता. २०२३ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. हा मान मिळवणारी ती पहिली आशियाई स्त्री.

आपल्या हिंदी पडद्यावरची लढाऊ बाई आठवा. १९८८ चे 'खून भरी माँग' घ्या की 'जख्मी औरत' घ्या. आधी तिची विटंबना, मग तिचा सूड. कित्येक चित्रपटांत तर त्या वेळी मागे देवीची मूर्ती आणि ढोल. विंग-चुनच्या अंगात कोणी येत नाही. ती शिकते, चुकते, पुन्हा शिकते. आम्हाला हे फार मोलाचे वाटते.

चित्रपट निर्दोष आहे असे नाही. पोरकट विनोद पुष्कळ आहे, आणि तारेला टांगून उडणारी माणसेही आहेत. तेवढे मुलांना समजावून सांगावे, नाहीतर कोणीतरी पत्र्यावरून उडी मारायचा!

काही माताभगिनी म्हणतील, आपण बुद्धाचे अनुयायी, आपल्या लेकींना ठोसेबाजी कशाला? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत स्पष्ट फरक केला आहे. रात्रपाळी करून एकटी घरी येणाऱ्या मुलीला तो फरक वेगळा समजावून द्यावा लागत नाही.

आपल्या विहाराच्या आवारात कराटेचा वर्ग निघाला की बाप मुलाचे नाव स्वतः जाऊन घालतो. मुलीला सांगतात, सहाला नळ येतो, आईला हात लाव. वर्गही सहालाच, आठवड्यातून तीन दिवस. त्या तीन दिवसांपैकी निदान एक दिवस पाणी भावाने भरावे, एक दिवस बापाने, आणि उरलेल्या दिवसाचे काय करायचे ते घरात बसून ठरवावे.