सिगडी घरात घेण्याआधी

जानेवारीच्या जिल्हा बैठकीत कापूस झाला, कृषिपंपांची वीज झाली, रानडुकरांवर तासभर गेला. ‘ऐनवेळचे विषय’ पुकारले तेव्हा मागच्या रांगेतून महिला आघाडीच्या एक बाई उठल्या. म्हणाल्या, “भाऊ, सिगडीवर बोला.” चारदोन जण हसले. कुणीतरी म्हणाले, “ताई, चुलीचं घरी गेल्यावर.” आम्ही अध्यक्षांच्या शेजारीच होतो. एसटी चुकेल या घाईने आम्हीच तो विषय पुढच्या बैठकीवर टाकला.

बाईंना काय सांगायचे होते ते बाहेर चहाच्या टपरीवर कळले. त्यांचे गाव वणी-भद्रावतीच्या कोळसा पट्ट्यातले. शेजारच्या घरी सून बाळंत झालेली. थंडी कडाक्याची. सासूने रीतीप्रमाणे खोलीची खिडकी पोत्याने बुजवली, दाराला गोधडी लावली. सिगडी अंगणात पेटवली, दगडी कोळशाचा काळा धूर जाऊ दिला, निखारा लालबुंद झाल्यावर ती आत आणून बाजेखाली ठेवली. पहाटे सासूला उलट्या सुरू झाल्या. सुनेचे डोके फुटायला आले. बाळ मऊ पडले, दूध ओढेना. घरचे लोक बाहेरची बाधा म्हणून लिंबू शोधत होते. या बाईंनी दार सताड उघडले, तिघांना उचलून ओसरीवर आणले आणि मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठला. प्राणवायू लावल्यावर तिघे वाचले. बाईंनी एकच गोष्ट विचारली, “धूर तर पुरा गेला होता, मग झालं काय?”

शेतकी महाविद्यालयात आम्हाला कापसाची मुळापासून बोंडापर्यंत सगळी माहिती दिली गेली, पण ज्या घरात तो कापूस वेचणारी राहते त्या घरातल्या चुलीविषयी चार वर्षांत एक तासही झाला नाही. तरी या प्रश्नाचे उत्तर आम्हाला ठाऊक होते. ठाऊक असून ते आम्ही कधी गावात सांगितले नव्हते, ही आमची चूक.

धूर गेला म्हणजे धोका गेला, हा समज मुळात उलटा आहे. कोळशाला पुरती हवा मिळाली नाही की तो अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. धुराने माणूस खोकतो, उठतो, दार उघडतो. हा वायू माणसाला उठवत नाही, झोपवतो. आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्टपणे त्याला धरते, मग श्वास चालू असूनही शरीराला प्राणवायू मिळत नाही. आणि तो सर्वांत जास्त निघतो तो धूर संपून निखाऱ्यांचा लाल थर झाल्यावर, म्हणजे आपल्या बाया सिगडी आत घेतात नेमक्या त्याच वेळी. लाकडाचा कोळसा असो की दगडी, गुण तोच.

मग आजीच्या वेळी कसे निभावले, असे कुणी विचारील. आजीच्या वेळीही माणसे गेली असतील, त्यांच्या नावावर ‘झोपेत गेला’ एवढेच लागले असेल. पण एक फरक खरा आहे. तेव्हा भिंती कुडाच्या, वर कौले, घराला शंभर फटी. आता घरकुलाचा स्लॅब आहे, सिमेंटचा गिलावा आहे, खिडकीला काच आहे. घर बदलले, विस्तव तोच राहिला. सासूने काहीही वावगे केले नाही, तिला शिकवले तेच केले. म्हणून तिला दोष देणाऱ्या शहाण्यांशी आम्हाला काही बोलायचे नाही.

एका खोलीतल्या दोघा-तिघांचे डोके एकदमच दुखू लागले, मळमळले, पाय लटपटले, तर गोळी देऊन झोपवू नका. आधी दारे उघडा, माणसे बाहेर काढा, मग सिगडी बाहेर न्या. आणि दवाखान्यात गेल्यावर ‘घरात सिगडी होती’ हे न विचारता सांगा. डॉक्टरला ते सांगितले नाही तर तो विषबाधेपासून हिवतापापर्यंत काहीही शोधत बसेल.

आता दुसरा प्रश्न. इतकी गॅसची जोडणी झाली, मग सिगडी आहेच कशाला? उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी बलियात सुरू झाली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये आठ कोटीवी जोडणी आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या औरंगाबादला दिली गेली. जोडणी मिळाली हे आम्ही नाकारत नाही. पण जोडणी फुकट आणि टाकी रोख. कापसाचा पैसा दिवाळीनंतर येतो आणि होळीपर्यंत संपतो. पेरणीनंतर आषाढ-श्रावणात घरात दमडी नसते, त्याच वेळी सरपण ओले असते. तेव्हा टाकी कोपऱ्यात पाहुण्याच्या चहापुरती राहते आणि रस्त्याच्या कडेला ट्रकमधून सांडलेला कोळसा घरात येतो. ज्या पट्ट्यातल्या जमिनीखालचा कोळसा १९७३ पासून राष्ट्राच्या मालकीचा झाला, त्या पट्ट्यातली बाई तो टोपल्यात वेचून आणते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले आणि ती सूट पुढे वर्षअखेरपर्यंत वाढवली. भावावर त्याचा दाब आला की टाकी आणखी एक महिना लांबते, हा हिशेब मंत्रालयात कुणी मांडत नाही. तो स्वयंपाकघरात मांडला जातो.

आमच्यातलेच काही म्हणतात, घामाचे दाम मिळाले की गॅस आपोआप येईल, चुलीसाठी वेगळे आंदोलन नको. विचार बरोबर आहे, आम्हीही तो शेकडो सभांतून मांडला. पण भाव मिळेपर्यंत त्या बाळाने श्वास कुठून घ्यायचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या धुराने जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली. त्यांत शेतकऱ्याच्या घरची किती, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. उलट बाजूला, चुलीवरच्या भाकरीची चव गाणारेही आहेत. ते बहुतेक जेवणारे असतात, फुंकणी हातात धरणारे नव्हेत.

सरकारने चुलीचा प्रयोग केला नाही असे नाही. राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८३ साली सुरू झाला, २००२ साली गुंडाळला. निर्धूर चूल म्हणून गावोगाव तिचे नाव झाले. देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसल्याची नोंद झाली, पण बसलेली चूल पेटती राहतेच असे नाही. लक्ष्यांक चुली बसवण्याचा होता, पेटत्या ठेवण्याचा नव्हता. बाईचे भांडे केवढे, सरपण कोणते, काजळी कोण काढणार, हे विचारल्याशिवाय बसवलेली चूल ती स्वतः फोडून आपल्या मापाची करते, आणि मग अहवालात तिलाच अडाणी ठरवतात.

आमचे म्हणणे साधे आहे. चूल हे यंत्र आहे. विहिरीवर मोटार बसवताना आपण हेड विचारतो, पाइपाचा व्यास विचारतो, बेंड किती ते मोजतो. चुलीला मात्र तीन विटा आणि वर देवाचे नाव. नळीची चूलही पंपासारखीच चालते. नळीतली हवा तापून हलकी होते, वर चढते आणि मागून ताजी हवा विस्तवाकडे ओढते. नळी जितकी उंच आणि सरळ तितकी ओढ जास्त. प्रत्येक बेंडात ओढ कमी होते आणि काजळी साचते. म्हणून नळी छपराच्या वर निदान तीन फूट जाऊ द्या, आढ्याच्या आड खाली ठेवाल तर वाऱ्याच्या झोताबरोबर धूर घरात परत येईल. कोळसा जाळायचा असेल तर चार इंचांपेक्षा अरुंद नळी घेऊ नका. ती पत्र्याची घ्या. ठिबकाचे उरलेले प्लॅस्टिकचे पाइप चुलीला जोडलेले आम्ही पाहिले आहेत, पहिल्याच आठवड्यात ते वितळून लोंबले. नळी लाकडी वासा, गवत, ताडपत्री यांच्यापासून दीड फूट दूर हवी. गवताचे छप्पर असेल तर त्यातून नेऊच नका, भिंतीतून बाहेर काढून मग वर न्या. बाहेरची नळी गार राहते, तिच्यात काजळी लवकर धरते, म्हणून ती अधिक वेळा झाडावी लागेल. तळाशी झाकणाचे एक तोंड ठेवलेच पाहिजे, नाहीतर झाडणार कशी? महिन्यातून एकदा काथ्याचा बोळा दोरीला बांधून नळीतून ओढायचा. साचलेली काजळी एखाद दिवशी नळीतच पेट घेते, आणि ती आग छपराला लागते.

लाकूड आणि कोळसा एकाच चुलीत जाळायचे तर खाली लोखंडी जाळी लागते. लाकूड राखेवरही जळते, कोळशाला हवा खालून पाहिजे. आधी वाळल्या काड्यांचा चांगला जाळ करावा, नळी तापू द्यावी, मग कोळसा मूठमूठ घालावा. लाल विस्तवावर एकदम टोपलीभर कोळसा लोटला तर वायू कोंडतो आणि थोड्या वेळाने तोंडावर भपका येतो. रॉकेल-डिझेल तर मुळीच नको. निजताना नळीची झडप पूर्ण बंद करू नका, निखारा लाल आहे तोवर वाट उघडी पाहिजे. नवीन चूल बसली की दारे-खिडक्या लावून तिच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर काम नीट झाले. बाहेर आला तर गवंड्याचे पैसे राखून ठेवा.

आणि उघडी सिगडी, जिला नळी नाही, ती घराबाहेरच. बाळंतिणीला शेक द्यायचा तर गरम पाण्याची पिशवी आहे, तव्यावर तापवलेल्या वाळूची पुरचुंडी आहे. बाजेखाली विस्तव नको.

सरपणाविषयी आमच्या मूळ धंद्यातले थोडे. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाने जवळपास निम्मे पाणी असते. असे दहा किलो लाकूड जाळले तर पाच किलो पाण्याची वाफ करण्यातच ३००० किलोकॅलरी जातात, म्हणजे जवळजवळ एक किलो वाळल्या लाकडाची उष्णता. त्याहून वाईट म्हणजे विस्तव गार राहतो आणि गार विस्तवच जास्त धूर करतो. उन्हाळ्यात फोडून, जमिनीपासून उचलून, वरून झाकून ठेवलेले लाकूड पावसाळ्यात कामाला येते. हे बायांना आमच्याहून चांगले माहीत आहे. लाकूड फोडणे पुरुषाचे काम आहे आणि ते वैशाखात व्हायला पाहिजे, हे पुरुषांना सांगायचे आहे.

पऱ्हाटीचा मात्र पेच आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भात जे केले ते आपण विसरलो नाही. घरामागे रचलेल्या पऱ्हाटीच्या ढिगात, न फुटलेल्या बोंडांत ती अळी मुक्काम करते आणि पुढच्या हंगामात आपल्याच वावरात उतरते. कृषी खाते म्हणते ढीग नष्ट करा. घरातली बाई म्हणते, मग जाळू काय? दोघांचेही बरोबर आहे. फरदड न घेता डिसेंबराअखेर पीक मोडा, उपटण्याआधी वावरात शेळ्या सोडा, राहिलेली बोंडे झोडून जागेवरच जाळा, आणि नुसत्या काड्या घरी आणून पावसाळ्याआधी संपवा. पावसाळ्यासाठी तुराटी आणि बाभूळ राखा. फवारणीच्या औषधांची खोकी, बाटल्या, प्लॅस्टिक चुलीत घालू नका, तो धूर भाकरीला लागतो. लाकडाच्या राखेत पालाश आहे, ती परसात टाका. दगडी कोळशाची राख भाजीच्या वाफ्यात नको.

पुढच्या जिल्हा बैठकीसाठी आमचा प्रस्ताव असा की हा विषय पहिला घ्यावा आणि त्या बाईंनी तो मांडावा. प्रत्येक तालुक्याने एक गवंडी आणि एक पत्र्याचे काम करणारा कारागीर घेऊन यावा, दोन दिवसांत चूल बसवणे शिकवता येते. चूल फुकट द्यायची नाही. घरधन्याने पैसे मोजावेत, भांड्याचे माप घरच्या बाईने द्यावे, आणि उदबत्तीची परीक्षा झाल्याशिवाय कारागिराला पूर्ण मजुरी मिळू नये. सुरुवात ज्या घरात दिवाळीनंतर बाळंतपण आहे तिथून करावी. कोणत्या घरी केव्हा, ते गावच्या आशाताईंना विचारावे. त्यांच्या वहीत तारखा असतात.