गवत हेही पीकच आहे



दुष्काळात पीक बुडाले तर पंचनामा होतो. जनावर दगावले तर थोडीफार मदत मिळते. परंतु कुरणातले गवत वाळून गेले तर? जनावर लगेच मरत नाही. त्याच्या बरगड्या दिसू लागतात, दूध आटते आणि अखेर ते पडेल भावाने बाजारात जाते. ही हानी कोणत्याच कागदावर चढत नाही. आमच्या मते गवत हेही पीकच आहे व त्याच्या नुकसानीचाही हिशेब झाला पाहिजे.

असा हिशेब अमेरिकेत होतो. तेथील २००८ च्या शेती कायद्याने चराई बुडालेल्या पशुपालकांसाठी एक आपत्ती योजना सुरू केली. तिचा आधार म्हणजे दर गुरुवारी निघणारा दुष्काळाचा नकाशा. नेब्रास्का विद्यापीठातील केंद्र व सरकारी खाती मिळून तो १९९९ पासून तयार करीत आहेत. चराईच्या हंगामात एखाद्या काउंटीत, म्हणजे आपल्या तालुका-जिल्ह्यासारख्या विभागात, तीव्र दुष्काळ सलग ८ आठवडे टिकला की एका महिन्याची रक्कम मिळे. २०२५ च्या कायद्याने ही मुदत ४ आठवड्यांवर आणली. त्याहून कडक दुष्काळ एकदा जरी नोंदला गेला तरी तीन महिन्यांची, आणि सर्वांत वरच्या दर्जाचा दुष्काळ ४ आठवडे राहिला तर पाच महिन्यांची रक्कम मिळते.

रक्कम पूर्ण खर्चाची नसते. गुरांचा मासिक चाराखर्च आणि कुरणाची गुरे पोसण्याची क्षमता यांपैकी जे कमी भरेल, त्याच्या ६० टक्के. बाकीचा भार मालकावर. दुष्काळामुळे ज्याने गुरे विकून कळप कमी केला, त्यालाही त्या गुरांपोटी ठरलेल्या दराच्या ८० टक्के मिळतात. हे कलम आम्हांस विशेष शहाणपणाचे वाटते. मदतीच्या आशेने उघड्या माळावर जास्त गुरे धरून ठेवली, तर गवताचे मूळही शिल्लक राहत नाही.

या योजनेत उणिवाही आहेत. मदत काउंटीच्या हद्दीनुसार ठरते, म्हणून कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला मदत आणि अलीकडच्याला काहीच नाही, असेही घडू शकते. शिवाय योजनेची मुदत २०११ च्या सप्टेंबरअखेर संपली आणि २०१२ चा मोठा दुष्काळ पशुपालकांना तिच्याविना काढावा लागला. २०१४ च्या फेब्रुवारीत नवा कायदा झाला, योजना कायम झाली व मागील नुकसानही भरून देण्यात आले. पण तोवर ज्याची दावण रिकामी झाली, त्याला उशिरा आलेल्या पैशाचा काय उपयोग?

आपल्याकडे मदतीचा मुख्य मार्ग चारा छावणीचा. २०१८-१९ च्या दुष्काळात बीड-सोलापूरकडे अशा छावण्या उभ्या राहिल्या व त्यांनी पुष्कळ गुरे वाचवली, हे आम्ही मान्य करतो. परंतु छावणीचे अनुदान छावणी चालवणाऱ्याच्या हाती पडते. जो म्हातारा आपल्या दोन गाई घरीच ठेवून महाग कडबा विकत घेतो, त्याच्या हाती काय पडते? शिवाय छावणी कधी उघडायची हे अर्ज-विनंत्या व मोर्चे यांवर अवलंबून राहते. मदत मापावर ठरावी, ओळखीवर नव्हे.

आमचे म्हणणे इतकेच की, पाऊस किती आठवडे लांबला व गवत किती वाळले, याचे माप गावोगाव आधीच ठरलेले असावे आणि ते भरले की रक्कम थेट पशुपालकाच्या खात्यात जावी. ग्रामसभेत हा ठराव मांडणे आपल्या हाती आहे. तोवर प्रत्येकाने आपल्या गुरांची संख्या वहीत लिहून ठेवावी, विकत घेतलेल्या वैरणीच्या पावत्या जपाव्यात आणि सुगीनंतर कडबा विकून टाकण्याची घाई करू नये. मागणी करायला जाताना हातात नोंद असली, तर ती टाळणे साहेबालाही जड जाते.