वर्गणी नको, तिकीट द्या

परवा एका सत्कार समारंभात एक दिग्दर्शक महाशय प्रेक्षकांवर चिडले. खांद्यावर शाल, हातात नारळ आणि तोंडात तक्रार. म्हणणं थोडक्यात असं: मराठी माणूस कृतघ्न आहे. शिवाजी महाराजांवरचा चित्रपट आम्ही कर्ज काढून करतो आणि हा घरी लोळत मोबाइलवर दाक्षिणात्य मारामाऱ्या बघतो. इतिहासपट पाहणं हे प्रत्येक मराठी कुटुंबाचं कर्तव्य आहे, आणि त्यात चुका काढणाऱ्यांनी आधी स्वतः एक चित्रपट काढून दाखवावा. टाळ्या पडल्या. मीही दोन वाजवल्या, कारण शेजारचे गृहस्थ माझ्या हातांकडे बघत होते.

शेवटचा मुद्दा आधी उरकतो. रिक्षाचं मीटर पळतंय असं म्हणायला आधी रिक्षाचा परवाना काढावा लागत नाही.

दाक्षिणात्यांचं म्हणाल तर 2024 साली 'मंजुम्मल बॉइज' हा मल्याळम चित्रपट तमिळनाडूत गर्दीनं चालला. तो पाहणं हे तमिळ माणसाचं कोणतं कर्तव्य होतं?

आणि कृतघ्नपणा? याच मराठी माणसानं 2016 ला 'सैराट' डोक्यावर घेतला. 2023 ला 'बाईपण भारी देवा'साठी बायका नऊवारी नेसून, नथ घालून घोळक्यानं गेल्या. 2025 ला 'दशावतार'मध्ये 81 वर्षांच्या नटाला बघायला कोकणी माणूस मुंबईतल्या थिएटरात शिट्ट्या मारत होता. यांतल्या कुणाच्या घरी कर्तव्याची नोटीस गेली नव्हती. इतकंच काय, 2022 ला 'पावनखिंड' आला तेव्हाही लोक गेले. मीही गेलो. आमच्या सोसायटीतून तर अख्खी बस गेली होती.

आता मूळ दुखणं. कर्तव्य म्हटलं की तिकिटाची पावती होते. गणपतीच्या वर्गणीची पावती फाडल्यावर आपण मंडळाला हिशेब विचारत नाही, मांडव वाकडा का म्हणून विचारत नाही; विचारलं तर कार्यकर्ते 'काका, देवाचं काम आहे' म्हणतात. आमच्या इतिहासपटवाल्यांना नेमका असा प्रेक्षक हवा आहे. 2018 च्या 'फर्जंद'पासून ही लाट सुरू झाली. मग 'फत्तेशिकस्त', आणि एकट्या 2022 मध्ये 'पावनखिंड', 'शेर शिवराज', 'सरसेनापती हंबीरराव', 'हर हर महादेव'. पहिल्या दोनतीनांत अंगावर काटा आला हे मी नाकारत नाही. पुढे पुढे काटा यायच्या जागी कानात दडे बसायला लागले.

कारण या लाटेतली माणसं ओरडतात. सगळी. सरदार ओरडतो, हेर ओरडतो, मशालजी ओरडतो. हेरप्रमुख बहिर्जींच्या हाताखालचा माणूस गुप्त बातमी आणतो ती अशा आवाजात सांगतो की पलीकडच्या छावणीत वेगळा हेर ठेवायची गरज उरू नये. एक वाक्य, मग ढोल, मग मागे भगवा, मग तेच वाक्य पुन्हा, हळू गतीत. आणि हे कुणाच्या बाबतीत? ज्या माणसाचं अर्धं यश आवाज न करण्यात होतं त्याच्या! 5 एप्रिल 1663 च्या रात्री पुण्यात, रमजानच्या महिन्यात, लाल महालात शिरलेली मूठभर माणसं स्वयंपाकघराकडच्या भिंतीला भोक पाडून आत गेली. बाहेर मोगलांची प्रचंड छावणी. त्या भिंतीची एकेक वीट काढताना ज्यानं श्वास धरला असेल त्याचा चेहरा मला बघायचा आहे. 4 फेब्रुवारी 1670 ला, माघातल्या अंधाऱ्या रात्री, सिंहगडाचा कडा चढणाऱ्या मावळ्यांचंही तेच. पाय घसरला तर किंकाळीसुद्धा मारायची नाही. किती मोठं नाट्य आहे त्यात! कॅमेरावाल्याला, ध्वनिमुद्रण करणाऱ्याला याहून चांगली पर्वणी कोणती? दोराची करकर, एखादा सुटलेला दगड, वर पहारेकऱ्याचा खोकला. त्याऐवजी आम्हाला मिळतं काय, तर कड्याला लोंबकळत दिलेलं पानभर भाषण.

प्रतापगडाचीही तीच गत. 10 नोव्हेंबर 1659 चा दिवस तंबूत ठरला नाही. तो आधीचे कित्येक दिवस वकिलांच्या जाण्यायेण्यात, अफजलखानाला वाईहून जावळीच्या जंगलात उतरवण्यात, 'महाराज घाबरलेत' ही समजूत मुरवण्यात ठरला. म्हणजे बुद्धीच्या डावाची गोष्ट. पडद्यावर मात्र बुद्धीला पाच मिनिटं आणि वाघनखांना पंचवीस. आपण ज्यांना दैवत म्हणतो त्यांचं डोकं दाखवायचा यांना कंटाळा का, हे कोडं मला सुटलेलं नाही.

कपडे इस्त्रीचे, दाढ्या एकाच न्हाव्याकडच्या आणि तटबंदी संगणकातली, यावर एवढंच.

थिएटर मिळत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे आणि जुनीही. 1971 साली 'सोंगाड्या'ला थिएटर मिळावं म्हणून दादरच्या थिएटरापुढे जे रामायण झालं ते आमच्या पिढीला पाठ आहे. 2015 ला सरकारनं मल्टिप्लेक्सना मराठीसाठी मोक्याच्या वेळेची सक्ती करायचं काढलं, तेव्हा आमच्या कट्ट्यावर महिनाभर भांडणं झाली. सक्तीच्या बाजूनं मीच घसा कोरडा केला होता. आजही करीन. पण 12 सप्टेंबर 2025 ला 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट' असे तीन मराठी चित्रपट एकाच शुक्रवारी आले, ती तारीख काही मल्टिप्लेक्सवाल्यानं काढून दिली नव्हती. आपसांत फोन करायला कुणाची परवानगी लागते?

मग करावं काय, असं विचाराल. माझ्याकडे फार मोठा कार्यक्रम नाही. एक जुनी वस्तू दाखवतो. 1936 चा प्रभातचा 'संत तुकाराम'. भक्तिपटच तो, मुंबईत वर्षभराहून जास्त एकाच थिएटरात चालला, पुढे व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. त्यात पोर आजारी पडल्यावर पायताण घेऊन विठोबाला जाब विचारायला निघालेली तुकोबांची बायको जिजाई आहे. ती भूमिका केली गौरीबाईंनी. त्या काही नावाजलेल्या नटी नव्हत्या, स्टुडिओत किरकोळ कामं करत होत्या. वारकऱ्यांना त्या पायताणानं राग आला नाही. त्यांना ती घरातलीच बाई वाटली, आणि तिच्यामुळे तुकोबा खरे वाटले. भक्तीला घरातलं भांडण सोसतं, तर शौर्याला थोडी भीती, थोडी शांतता का सोसू नये?

तेव्हा महाशय, तुमच्या पुढच्या इतिहासपटाचं तिकीट मी काढणार आहे, पहिल्या दिवसाचं, स्वतःच्या पैशानं. नातवालाही आणीन. पण लाल महालाची वीट काढताना एकानं जरी आरोळी ठोकली, तर मध्यंतरात आम्ही दोघं वडापाव खायला बाहेर पडू आणि परत येणार नाही.