कोयनेचा प्रकाश आणि कोयनेचे ऋण

शिवसागर जलाशयात सुमारे १०५ टीएमसी पाणी साठवून, त्याचा मोठा भाग सह्याद्रीच्या पोटातून कोकणाकडे उतरवीत, कोळशाचा कणही न जाळता १,९६० मेगावॅट क्षमतेने वीज देणाऱ्या कोयनेचे उपकार महाराष्ट्राने कृतज्ञतेने मान्य केलेच पाहिजेत. परंतु ज्या सातारकर शेतकऱ्यांनी आपली घरेदारे, ग्रामदैवते आणि पिढीजात वहिवाटीच्या जमिनी जलार्पण केल्या, त्यांच्या कित्येक वारसांना पर्यायी जमिनीच्या सातबाऱ्यासाठी आजही कचेरीचे उंबरठे झिजवावे लागावेत, ही गोष्ट लाजिरवाणी आहे. शास्त्रज्ञांनी ज्याचा संबंध जलाशयाशी जोडला, तो ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंपही विस्मरणात जाता कामा नये.

ऑगस्ट २०१९ मध्ये कोयनेचे पाणी पोटात घेऊन वाहणारी कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर चढली आणि ओसरताना घराघरांच्या भिंतींवर गाळाची रेघ ठेवून गेली. त्या आपत्तीस अतिवृष्टी आणि पूररेषेतील बांधकामेही कारणीभूत होती, हे खरे. तथापि ऐन पावसाळ्यात कोयना धरणात पुरासाठी पुरेशी जागा राखणे आणि विसर्गाची आगाऊ वर्दी नदीकाठच्या शेवटच्या घरापर्यंत पोहोचविणे, हे सरकारचे कर्तव्यच आहे. नव्या प्रकल्पाचा नारळ फोडण्यापूर्वी कोयनेचे हे जुने ऋण फेडले जावे.